जेऊरची दोन मिनिटं: अंधुक प्रकाशाचा खरा हिशोब ठेवणारे कावसजी नायगमवाला

पुण्याहून गावी परांड्याला येताना मी नेहमी सोलापूरकडची गाडी पकडतो. दौंड, भिगवण, जेऊर, केम आणि मग कुर्डुवाडी. तिथे उतरायचं आणि एसटी धरायची. जेऊर स्टेशन आलं की बॅग वरून खाली काढायची वेळ झाली, एवढंच त्या स्टेशनचं महत्त्व माझ्या लेखी होतं.

गेल्या हिवाळ्यात शेतात रात्री पाण्याची पाळी होती. मोटार चालू करून बांधावर बसलो होतो. वर मृग नक्षत्र एवढं स्वच्छ दिसत होतं की फोन काढला, नाइट मोड लावला आणि दगडाला टेकवून फोटो घेतला. फोटो भारी आला. पण झूम करून बघितलं तर एक गंमत दिसली. जिथे डोळ्याला धुरकट ठिपका दिसत होता, तिथे फोनने गुळगुळीत रंगीत डाग काढला होता. दुसऱ्या फोटोत त्याच डागाचा आकार वेगळा. म्हणजे फोनने काही भाग खरोखर टिपला होता आणि काही भाग स्वतःच्या अंदाजाने भरला होता. यातलं खरं किती, हे मला सांगता येईना.

हाच प्रश्न, याच धुरकट ठिपक्याबद्दल, सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात बसलेल्या एका माणसासमोर होता. आणि तो माणूस एक महत्त्वाचं काम करायला माझ्या त्या जेऊरला आला होता. त्यांचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. भारतातल्या आधुनिक खगोलशास्त्राच्या इतिहासात हे नाव मानाने घेतलं जातं. आपल्या भागात मात्र ते कुणाच्या तोंडी नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट, आणि सोबत तुमच्या फोनमधला नाइट मोड नेमकं काय करतो तेही.

कॉलेजची लॅब आणि पाच हजार रुपये

कावसजींचा जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. भौतिक आणि रसायनशास्त्र घेऊन ते १८७८ मध्ये एम. ए. झाले, तेही सुवर्णपदक मिळवून. (त्या काळी विज्ञान शिकलेल्यालाही एम. ए. च म्हणत.) पुढे त्याच कॉलेजात ते प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवायला लागले.

१८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेज बघायला आले. प्रयोगशाळा पाहून त्यांनी पाच हजार रुपये देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढेच पैसे वर घातले. हेतू साधा होता. कॉलेजात वर्णपटाचा अभ्यास करण्यासाठी चांगली लॅब उभी करायची.

वर्णपट म्हणजे प्रकाश फोडून केलेला रंगांचा पट्टा. पावसानंतरचं इंद्रधनुष्य हा सूर्याचा वर्णपटच. पण नीट उपकरणातून बघितलं तर त्या पट्ट्यात बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी येतात. सोडियमच्या वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतःचा क्यूआर कोड. तो वाचता आला की हजारो प्रकाशवर्षं लांबच्या वस्तूत काय आहे ते जागेवर बसून कळतं.

१८८४ मध्ये कावसजी उपकरणं घ्यायला इंग्लंडला गेले. गेले होते कॉलेजच्या लॅबसाठी, पण तिथे ज्यांना भेटले त्यांनी बेत बदलला. इंग्लंडचे राजज्योतिषी आणि नॉर्मन लॉकयर या दोघांच्या सल्ल्यावरून ठरलं की नुसती लॅब नको, आकाशाकडे बघणारी वेधशाळाच करावी. लॉकयर म्हणजे सूर्याच्या वर्णपटातली एक अनोळखी रेषा बघून हेलियम हे नाव देणारे शास्त्रज्ञ. त्या काळचं फार मोठं नाव. हे लक्षात ठेवा, कारण लॉकयर या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

तेव्हा कॅमेऱ्यात काय घडत होतं?

कावसजी इंग्लंडला पोचले तो काळ आकाशाच्या फोटोंसाठी फार मोठ्या बदलाचा होता. जरा मागे जाऊ.

आपला डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाएवढा प्रकाश तो एका वेळी जमा करतो आणि मेंदूकडे पाठवून देतो. त्यामुळे तुम्ही एखाद्या अंधुक ठिपक्याकडे तासभर टक लावून बघितलं तरी तो जास्त उजळ होत नाही. फोटोची प्लेट तशी नाही. तिच्यावर प्रकाश पडत राहिला की परिणाम साठत जातो. विहिरीत झरा बारीक असला तरी रात्रभरात पाणी चढतं, तसं.

पण सुरुवातीच्या प्लेटा ओल्या असायच्या. काचेवर रसायन लावायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांत खेळ संपला. मग जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा आल्या आणि १८८० च्या आसपास सहज मिळू लागल्या. आता तासन्‌तास एक्स्पोजर देता येऊ लागलं.

पहिला फटका बसला तो आपल्या मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावरच. ३० सप्टेंबर १८८० ला अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटांचं एक्स्पोजर देऊन त्याचा पहिला फोटो काढला. जानेवारी १८८३ मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून ३७ मिनिटांचा फोटो घेतला. त्यात असे तारे उमटले जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या पुढे गेला तो इथे. १८८४ मध्ये, म्हणजे कावसजी इंग्लंडला गेले त्याच वर्षी, कॉमन यांना रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

पुढच्या वर्षी कृत्तिकांची पाळी. कृत्तिका म्हणजे मृगाच्या आधी उगवणारा ताऱ्यांचा छोटासा झुबका, साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात तो. पॅरिसच्या हेन्री बंधूंनी १८८५ मध्ये फोटो काढला तर एका ताऱ्याभोवती धुकं दिसलं. १८८६ मध्ये इंग्लंडच्या आयझॅक रॉबर्ट्‌स यांनी तीन तासांचं एक्स्पोजर दिलं, तेव्हा कळलं की सगळा झुबकाच धुक्यात बुडालेला आहे. रॉबर्ट्‌स यांची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची, २० इंची आरशाची होती.

पुण्यातली वेधशाळा

१८८५ मध्ये कावसजी मुंबई सोडून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच पुढचं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे आजचं सीओईपी. ज्याच्या अ‍ॅडमिशनसाठी आपल्याकडची पोरं बारावीला रात्रंदिवस एक करतात, तेच. त्या आवारात १८८८ पासून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली.

वेधशाळेची मोठी दुर्बीणही डब्लिनच्या ग्रबकडूनच आलेली. पुढे ज्या २० इंची आरशासाठी ती ओळखली गेली, तो देशात त्या काळी सगळ्यात मोठा. २० इंच म्हणजे साधारण ५१ सेंटिमीटर. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. दोघांच्या क्षेत्रफळाची तुलना केली तर तो आरसा डोळ्याच्या पाच हजार पटीहून जास्त प्रकाश गोळा करत होता.

मोठा आरसा असला की काम झालं असं नाही. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश दर तासाला १५ अंश सरकतं. दुर्बीण स्थिर ठेवली तर तारा काही क्षणांत बाहेर जातो. म्हणून दुर्बिणीला घड्याळासारखं यंत्र जोडतात, ते तिला आकाशाच्या वेगाने फिरवतं. त्या काळी यंत्रावर पूर्ण भरवसा टाकता येत नसे. निरीक्षकाने डोळा लावून बसायचं आणि तारा जरा हलला की हाताने दुरुस्ती करायची. तीन तासांचा फोटो म्हणजे तीन तास मान वाकडी करून, न हलता, थंडीत बसणं. शिवाय आरशावरची चांदी दमट हवेत काळी पडते, ती पुन्हा चढवावी लागते. आणि पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने आकाश बंद. हे सगळं कॉलेजात शिकवण्याची नोकरी सांभाळून.

रॉबर्ट्‌स यांनी आपल्या दुर्बिणीला कॅमेरा जोडला होता. कावसजींच्या वेधशाळेचा मुख्य रस्ता वर्णपटाचा होता. फोटो सांगतो की धुकं कुठे आहे आणि कसं दिसतं. वर्णपट सांगतो की ते धुकं कशाचं आहे. आणि नेमक्या त्या वेळी हाच प्रश्न सगळ्यात जास्त पेटलेला होता.

एका रेषेचं भांडण

तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. विल्यम हगिन्स यांनी ती १८६४ मध्ये पहिल्यांदा पाहिली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना.

लॉकयर यांचं मत ठाम होतं. त्यांचा सिद्धांत असा की आकाशातल्या वस्तू उल्कांच्या थव्यांपासून बनतात. उल्का एकमेकींवर आदळतात, तापतात आणि चमकतात. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियमच्या प्रकाशात एक पट्टा असतो, त्याची कडा या हिरव्या रेषेच्या अगदी जवळ येते. म्हणून लॉकयर म्हणत की ही रेषा म्हणजे त्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला भाग. हगिन्स आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांना हे मान्य नव्हतं. वाद नुसता एका रेषेचा नव्हता. लॉकयर यांचा अख्खा सिद्धांत तिच्यावर टेकलेला होता.

यात तपासायचं काय? आकड्यात फरक फार थोडा. हिरवी रेषा ५००.७ नॅनोमीटरला, मॅग्नेशियमची कडा तिच्या एका नॅनोमीटरच्या आतच. पण आकार बघून ओळखता येतं. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूला धारदार असतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू पुसट होत जातो, ब्रशने रंग ओढल्यासारखा. तेजोमेघाची रेषा त्याचा अवशेष असेल तर तीही एका बाजूला पुसट दिसायला हवी. दोन्ही बाजूंनी धारदार निघाली तर ती मॅग्नेशियमची नाही.

कावसजींनी मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकात घेतला. फट कमी-जास्त केली. प्रकाश कमी फाकवून बघितला, जास्त फाकवून बघितला. आज आपण एखादा बग पकडताना एकेक सेटिंग बदलून तपासतो, तीच पद्धत. प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं. रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि धारदार.

आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय तिशीच्या थोडं पुढे. वसाहतीतल्या एका कॉलेजात नोकरी. वेधशाळा नवी, अजून नाव व्हायचंय. आणि हाती आलेला निकाल नेमका त्या माणसाच्या विरोधात, ज्याच्या सल्ल्याने ही वेधशाळा उभी राहिली. गप्प बसणं सोपं होतं. दुर्बीण लहान होती, हवा खराब होती, अजून निरीक्षणं हवीत, अशी कारणं सांगता आली असती. रेषेच्या कडेला थोडासा पुसटपणा वाटला असं लिहिणंही अवघड नव्हतं. अंधुक वस्तू बघताना, जे दिसावंसं वाटतं ते डोळा दाखवतोच.

कावसजींनी जे दिसलं ते लिहिलं आणि १८९१ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून दिलं. जे मासिक लॉकयर, हगिन्स आणि या क्षेत्रातले सगळेच वाचायचे, त्यातच.

त्याच सुमारास अमेरिकेत लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी त्या रेषेची जागा फार काटेकोर मोजली. तेही मॅग्नेशियमच्या विरोधातच गेलं. लॉकयर यांचा सिद्धांत टिकला नाही. मग ती रेषा होती कशाची? त्याचं उत्तर यायला १९२७ उजाडलं. आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती ऑक्सिजनची आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. इतक्या विरळ वायूतच ती ठळक उमटते, म्हणून पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत कुणाला सापडली नव्हती. कावसजींना उत्तर माहीत नव्हतं. कुठलं उत्तर चुकीचं आहे, तेवढं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

जेऊरची दोन मिनिटं

आता आपल्या भागात येऊ. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकणातून शिरून ईशान्येकडे, विदर्भाच्या दिशेने जाणार होता. जेऊर त्या पट्ट्यात येत होतं, आणि मुंबई-मद्रास रेल्वे तिथून जात होती. टनावारी उपकरणं न्यायची तर रेल्वे हवीच. जेऊर ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात. तिथून सरळ रेषेत पूर्वेला तीसेक किलोमीटरवर आपला परांडा, तो तेव्हा निजामाच्या राज्यात.

जगभरातून शास्त्रज्ञ आले. लॉकयर कोकणात विजयदुर्गला उतरले. तिथल्या किल्ल्यावर आजही लोक साहेबाचे ओटे दाखवतात. (एक गैरसमज इथेच दूर करतो. हेलियमची ती रेषा लॉकयर यांनी १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच पाहिली होती. विजयदुर्गला ते आले १८९८ मध्ये, तीस वर्षांनी.) विदर्भाकडे तळणीला इंग्लंडहून हौशी निरीक्षकांची तुकडी आली, त्यात जॉन एव्हरशेड होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल सरळ जेऊरला आले, सोबत ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. आणि जेऊरलाच पुण्याहून कावसजी आले.

तो काळ आठवा. मुंबई-पुण्यात प्लेगची साथ चालू होती. त्यातून माणसं आणि काचेची नाजूक उपकरणं माळावर आणायची, पाया बांधायचा, सगळं जुळवायचं. ज्यांनी वेधशाळेला पहिला पैसा दिला ते महाराजा तख्तसिंहजी दोन वर्षांपूर्वीच, १८९६ मध्ये वारले होते. आणि हे सगळं कशासाठी, तर खग्रास अवस्थेच्या दोन मिनिटांसाठी. जेऊरला सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता तो जेमतेम तेवढाच वेळ.

त्या दोन मिनिटांत फोटो घेणं अवघड का, ते समजून घ्या. ग्रहणात सूर्याभोवती करोना दिसतो, म्हणजे फिकट पांढरा मुकुट. सूर्याच्या कडेजवळ तो उजळ असतो आणि बाहेर झपाट्याने अंधुक होत जातो. कमी एक्स्पोजर दिलं तर बाहेरचा भाग उमटत नाही. जास्त दिलं तर आतला भाग पांढरा फटक होतो. म्हणून लहान-मोठी अशी अनेक एक्स्पोजर घ्यावी लागतात. तुमच्या फोनचा एचडीआर मोड हेच करतो, एका सेकंदात. तेव्हा दर वेळी हाताने काचेची प्लेट बदलायची, कॅमेरा हलू द्यायचा नाही, आणि कुणीतरी सेकंद मोठ्याने मोजत असायचं. करोनाचा वर्णपट घ्यायचा तर प्रकाश आणखी पातळ होतो, कारण तो सगळ्या रंगांत पसरतो. चूक झाली तर दुसरी संधी नाही.

जानेवारीतलं आकाश स्वच्छ राहिलं. भर दुपारी जेऊरवर अंधार पडला आणि काम पार पडलं. विजयदुर्गला लॉकयर आणि जेऊरला कावसजी. एकाच सावलीखाली, काही मिनिटांच्या अंतराने. पहिल्यांदा ते मार्गदर्शक आणि तरुण प्राध्यापक म्हणून भेटले होते. आता दोघेही आपापल्या मोहिमेचे प्रमुख होते.

कावसजींनी जेऊरचा अहवाल घाईत काढला नाही. तो वेधशाळेचं प्रकाशन म्हणून १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला, ग्रहणानंतर चार वर्षांनी. आज आपण फोटो काढल्यावर चार मिनिटांत स्टेटसला टाकतो. त्यांना दोन मिनिटांचा प्रकाश समजून घ्यायला आणि मांडायला एवढा वेळ लागला.

१९१२: एक दार बंद, एक उघडं

वेधशाळा कावसजींच्या खांद्यावर उभी होती, आणि हीच तिची कमजोरी निघाली. १८९९ मध्ये सरकारने दक्षिणेत कोडाईकनालला सूर्याच्या अभ्यासासाठी वेधशाळा काढली. उंच डोंगर, स्वच्छ हवा, पूर्णवेळ माणसं. १९११ मध्ये पुण्याचं कॉलेज ऑफ सायन्स हे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. १९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले आणि त्यांच्यासोबत पुण्याची वेधशाळाही बंद झाली. उपकरणं पेट्यांत भरून कोडाईकनालला गेली. तिथे तेव्हा संचालक होते जॉन एव्हरशेड, तेच जे १८९८ मध्ये हौशी निरीक्षक म्हणून तळणीला आले होते.

योगायोग बघा. त्याच १९१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी कृत्तिकांमधल्या धुक्याचा वर्णपट घेतला. ते धुकं इतकं अंधुक की वर्णपटासाठी रात्रींमागून रात्री प्रकाश साठवावा लागला. सगळ्यांना वाटत होतं की मृगातल्यासारख्या हिरव्या रेषा दिसतील. पण वर्णपट निघाला हुबेहूब शेजारच्या ताऱ्यांसारखा. म्हणजे कृत्तिकांचं धुकं स्वतः चमकतच नाही. ती धूळ आहे. ताऱ्यांचा प्रकाश तिच्यावर पडून परततो, आपल्याकडे कच्च्या रस्त्याची धूळ गाडीच्या हेडलाइटमध्ये दिसते तशी. मृगातला मेघ चमकणारा वायू आणि कृत्तिकांभोवती उजळलेली धूळ. फोटोत दोन्ही धुकंच दिसतं, फरक सांगतो तो वर्णपट. मोठा आरसा आणि वर्णपटदर्शक हीच जोडी घेऊन कावसजी चोवीस वर्षं पुण्यात बसले होते.

तेव्हा त्यांना एक-दोन पूर्णवेळ सहकारी मिळाले असते तर, किंवा वारस तयार झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. सॉफ्टवेअरमध्येही असं होतं. अख्खी सिस्टीम एकाच माणसाला माहीत असते. तो गेला की सर्व्हर बंद.

कावसजी १९३८ मध्ये वारले. त्यांची २० इंची दुर्बीण मात्र त्यांच्यामागेही कामाला आली. कोडाईकनालला ती भावनगर दुर्बीण या नावाने पुन्हा उभी राहिली आणि वेणू बाप्पू यांच्या काळात ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी वापरली गेली. पैसा देणाऱ्या संस्थानाचं नाव दुर्बिणीला राहिलं. वापरणाऱ्याचं राहिलं नाही.

आता तुमच्या फोनकडे

फोनचा नाइट मोड हा त्याच जुन्या युक्तीचा नवा अवतार आहे. फोन एकच लांब एक्स्पोजर देत नाही, कारण आकाश सरकतं आणि हातही हलतो. तो छोटे-छोटे अनेक फोटो घेतो, तारे एकमेकांवर जुळवतो आणि सरासरी काढतो. उदाहरणार्थ, गुगलच्या पिक्सेल फोनमधला अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफी मोड १६-१६ सेकंदांचे पंधरापर्यंत फोटो घेतो, म्हणजे एकूण चार मिनिटं. सरासरी काढल्याने दाणेदारपणा, ज्याला आपण नॉइज म्हणतो, तो कमी होतो. १६ फोटो एकत्र केले तर नॉइज साधारण चौथाई राहतो. इथपर्यंत सगळा प्रकाश खरा आहे.

पण त्यानंतर बरेच फोन आणखी एक काम करतात. नॉइज पुसताना बारीक तारेही पुसतात, आणि कडा गुळगुळीत करून जे नीट दिसलं नाही ते अंदाजाने भरतात. माझ्या शेतातल्या फोटोत तेच झालं होतं.

आपल्या जिल्ह्यात अजून अंधार आहे. परांडा, भूम, वाशी, कळंबच्या शिवारात गावाच्या दिव्यांपासून दोन-तीन किलोमीटर लांब गेलं की काम होतं. अमावास्येच्या आसपासची डिसेंबर-जानेवारीची रात्र धरा आणि हे करून बघा:

१. फोन ट्रायपॉडवर किंवा दोन विटांमध्ये घट्ट बसवा. शटर टायमरने दाबा, बोटाने नको.

२. कॅमेऱ्याचा प्रो मोड उघडा. फोकस अनंतावर, आयएसओ ८०० ते १६००, शटर ८ ते १५ सेकंद. फोनमध्ये रॉ फाइलची सोय असेल तर ती चालू करा. त्यात फोनची ढवळाढवळ सगळ्यात कमी असते.

३. मृगातले बाणाचे तीन तारे फ्रेममध्ये घ्या. त्यांच्या दक्षिणेला बारीक ताऱ्यांची छोटी रांग आहे, तिच्यातला मधला धुरकट ठिपका म्हणजे आपला तेजोमेघ. त्याचा प्रकाश तिथून निघून साधारण १,३५० वर्षं झालीत.

४. एकाच सेटिंगवर वीस-तीस फोटो घ्या. कॉम्प्युटरवर सिक्वेटरसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरून ते एकत्र करा.

५. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्या रात्री पुन्हा हेच करा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवा. जे दोन्हींत आहे ते आकाशातलं. जे एकातच आहे ते फोनचं.

फोटो पोस्ट करताना खाली किती एक्स्पोजर दिलं, किती फोटो जोडले आणि काय एडिट केलं हे लिहा. लाइक कदाचित कमी मिळतील. पण १८९१ मध्ये कावसजींनी पुण्यात बसून असाच प्रामाणिक हिशोब लिहिला, म्हणून आज त्यांच्या त्या एका रेषेवर आपण विश्वास ठेवू शकतो.

मी आता जेऊर आलं की बॅग काढत नाही. खिडकीतून बाहेरचा माळ बघतो. बॅग केमला काढतो.